वॉकरबाईंची बँक टिकली, दुकान का नाही?

१८९९ साली व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात 'इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक' नावाच्या संस्थेचा कारभार एका पस्तिशीच्या बाईकडे आला. वहीत शिल्लक होती ३१ डॉलर ६१ सेंट आणि देणी सुमारे ४०० डॉलरची. सभासद हजार-अकराशे, तेही गळत चाललेले. आधीचे सचिव हात टेकून बाजूला झाले होते. संस्था आता काही तगत नाही, असं त्यांचं मत होतं. नव्या सचिवांना पगार ठरला महिना आठ डॉलर, म्हणजे आधीच्यांना मिळे त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. बुडत्या जहाजाचं सुकाणू बाईच्या हाती द्यायचं आणि पगारही कापायचा, हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

बाईंचं नाव मॅगी लीना वॉकर. चार वर्षांत त्यांनी बँक काढली. अमेरिकेत बँकेचा परवाना मिळवून तिचं अध्यक्षपद सांभाळणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. पुढे दोन वर्षांनी शहराच्या मोठ्या बाजाररस्त्यावर त्यांनी तीन मजली दुकान थाटलं. बँक विलीनीकरणं पचवत शंभर वर्षं कृष्णवर्णीयांच्या मालकीची राहिली. दुकान सात वर्षांच्या आत बंद पडलं. बाई त्याच, सभासद तेच, चर्च तेच, गाव तेच. मग एक चाललं आणि दुसरं का नाही?

वॉकरबाईंवरच्या लेखांत दुकानाचा विषय बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. जिद्द, चिकाटी, श्रद्धा अशा शब्दांचे हार बँकेच्या गळ्यात पडतात आणि दुकान कोपऱ्यात राहतं. पण जिद्द तर दोन्हीकडे तेवढीच होती. म्हणून जिद्दीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवून पैसा कुठून येत होता आणि कुठे जात होता, ते बघू.

धुण्याची पाटी

मॅगीचा जन्म १८६४ चा, असं ती स्वतः सांगत असे. अमेरिकेचं यादवी युद्ध संपायचं होतं आणि रिचमंड ही गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेची राजधानी होती. आई एलिझाबेथ ही व्हॅन ल्यू यांच्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला. या घरची मालकीण मोठी विलक्षण बाई होती: दक्षिणेच्या राजधानीत राहून उत्तरेच्या फौजेसाठी हेरगिरी करणारी. मॅगीचा बाप गोरा, पेशाने पत्रकार. त्याचं आणि एलिझाबेथचं लग्न कायद्यानेच अशक्य होतं. पुढे आईने त्याच घरातल्या विल्यम मिचेल या बटलरशी लग्न केलं, तो एका हॉटेलात मुख्य वेटर झाला, एका बोळात छोटं घर झालं, पाठीवर भाऊ झाला. बरं चाललं होतं.

१८७६ मध्ये मिचेलचं प्रेत जेम्स नदीत सापडलं. पोलिसांनी आत्महत्या म्हणून कागद मिटवला. घरच्यांनी ते कधीच मानलं नाही. त्यांच्या मते त्याला लुबाडून मारलं होतं. विमा नाही, शिल्लक नाही, पदरी दोन पोरं. आईने लोकांची धुणी घ्यायला सुरुवात केली.

या धंद्याकडे जरा जवळून बघायला हवं, कारण पुढची बँक याच धंद्याच्या पैशावर उभी राहिली. त्या काळच्या दक्षिणेत धोबीणकाम आठवड्याच्या चक्रावर चाले. सोमवारी घरोघरून मळके कपडे आणायचे. पाणी वाहून आणायचं, लोखंडी हंड्यात कपडे उकळायचे, फळीवर घासायचे, खळ घालायची, वाळवायचे, मग चुलीवर तापवलेल्या जड इस्त्र्या आळीपाळीने फिरवायच्या. शनिवारी घड्या घातलेले कपडे पाटीत रचून पोचवायचे आणि पैसे घ्यायचे. पोचवायचं काम मॅगीकडे. 'माझा जन्म तोंडात चांदीचा चमचा घेऊन झाला नाही, डोक्यावर धुण्याची पाटीच घेऊन झाला म्हणा,' हे त्यांचं वाक्य पुढे सगळीकडे छापून आलं.

काम हाडं मोडणारं होतं, पण त्याच्या दोन गोष्टी मोलाच्या होत्या. एक, बाई आपल्या घरी काम करे. गोऱ्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात चोवीस तास अडकत नसे. दुसरी, दर शनिवारी हातात रोकड येई, थोडी पण नक्की. रिचमंडमधल्या बहुसंख्य कामकरी काळ्या बायका एकतर घरकामाला, नाहीतर धुण्यावर, नाहीतर तंबाखूच्या कारखान्यात पानांच्या शिरा काढायला जात. तिन्हीकडे मजुरी तुटपुंजी, पण आठवड्याला ठरलेली.

या बायकांनी त्या रोकडीतून काही सेंट आधीपासूनच बाजूला काढायची सवय लावून घेतली होती. आजारपणाला आणि मयताला. गोऱ्या विमा कंपन्या काळ्यांना एकतर दारातून परत लावत, नाहीतर जास्त हप्ता घेऊन कमी रक्कम देत. म्हणून चर्चच्या आसपास परस्पर मदतीच्या संस्था उगवल्या होत्या. सेंट ल्यूक ही त्यांतलीच. १८६७ मध्ये बाल्टिमोरला मेरी प्राउट या बाईंनी ती सुरू केली. ल्यूक हा बायबलातला वैद्य, म्हणून आजाऱ्यांची काळजी हे तिचं ब्रीद. गल्लोगल्ली शाखा, ठरलेल्या दिवशी सभा, सभेत प्रार्थना, गाणं आणि वर्गणी. आपल्या भिशीतल्या बायका जशा एकमेकींना ओळखून असतात तसंच हे, फक्त नंबर लागायचा तो दुखण्याचा नाहीतर मरणाचा.

मॅगी चौदाव्या वर्षी या संस्थेत दाखल झाली. त्याच सुमारास फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. मरेपर्यंत ही दोन्ही ठिकाणं सुटली नाहीत, आणि कुठलं कुठे संपतं हे सांगणंही कठीण होतं. रविवारी शाळेत बायबल शिकवणारी बाई आणि मंगळवारी वर्गणीचा हिशेब मागणारी बाई एकच असली की हिशेब चुकवणं अवघड जातं.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. १८८३ मध्ये ती शिक्षिका व्हायच्या शाळेतून उत्तीर्ण झाली. गोऱ्या मुलांचा पदवी समारंभ शहराच्या थिएटरात होई, काळ्यांचा चर्चमध्ये. मॅगीच्या दहा जणांच्या वर्गाने आम्हालाही थिएटरच हवं म्हणून हट्ट धरला. शेवटी समारंभ शाळेच्याच सभागृहात झाला. तीन वर्षं तिने शिकवलं. १८८६ मध्ये विटांचं आणि बांधकामाचं काम करणाऱ्या आर्मस्टेड वॉकरशी लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला शाळेत ठेवायचं नाही असा नियम होता. या नियमाने रिचमंडच्या शाळेची एक चांगली मास्तरीण घालवली आणि सेंट ल्यूकला पूर्ण वेळेचा माणूस मिळाला. तीन मुलगे झाले, त्यातला मधला तान्हेपणीच गेला. संसार, सासर-माहेर, संस्थेचे दौरे असं सगळं एकत्र चालू होतं. १८९५ मध्ये त्यांनी संस्थेत मुलांची शाखा काढली. तिचा उपयोग बँकेला पुढे झाला.

निकेलचे डॉलर

१९०१ च्या ऑगस्टमध्ये संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात वॉकरबाईंनी भाषण केलं. त्यात मागणी थेट होती: आपल्याला बचत बँक हवी, याच संस्थेच्या बायका-पुरुषांनी चालवलेली. आपले पैसे एकत्र करू, आपणच वापरू, आपसातच व्याजाने लावू आणि फायदाही आपणच घेऊ. निकेल, म्हणजे पाच सेंटची नाणी, घेऊन त्यांचे डॉलर करणारी बँक हवी, असं त्या म्हणाल्या. बँकेखेरीज त्यांना वर्तमानपत्र हवं होतं, कारखाना हवा होता, दुकान हवं होतं.

ऐकणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल याचा अंदाज करता येतो. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्यांसाठी सरकारी आशीर्वादाने फ्रीडमन्स बँक निघाली होती. ती १८७४ मध्ये बुडाली आणि साठ हजारांवर खातेदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. ज्यांनी तेव्हा पै-पै गमावली त्या बायका १९०१ मध्ये अजून हयात होत्या, सभेला येत होत्या. त्यांच्याकडून पुन्हा 'बँकेत ठेवा' म्हणून पैसे मागायचे होते.

वॉकरबाईंनी घाई केली नाही. आधी वर्तमानपत्र काढलं, १९०२ मध्ये, 'सेंट ल्यूक हेरल्ड'. मग शहरातल्या एका गोऱ्या बँकेत काही महिने रोज काही तास बसून कामकाज शिकून घेतलं. नोंदवही कशी ठेवतात, कर्ज देताना काय बघतात, दिवसअखेर रोकड कशी जुळवतात. एकेकाळी मास्तरीण राहिलेल्या बाईने चाळिशीच्या उंबरठ्यावर शिकाऊ म्हणून बाकावर बसणं, हे मला त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

त्याच १९०२ साली व्हर्जिनियाने नवी राज्यघटना आणली. मतदानासाठी कर आणि परीक्षा अशा अटी घालून काळ्या मतदारांची नावं याद्यांतून जवळजवळ पुसून टाकली. बायकांना तर मत नव्हतंच. राजकारणाचं दार असं बंद होत असताना ही बँक उघडली, हे लक्षात ठेवायला हवं.

२ नोव्हेंबर १९०३ ला 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' सुरू झाली. पहिल्या दिवशी २८० जणांनी आठ हजार डॉलरहून जास्त ठेवी ठेवल्या. भागभांडवल धरून दिवसाची जमा नऊ हजारांच्या पुढे गेली. कुणी शेकड्याने आणले, कुणी दोन-चार डॉलर, आणि एकाने ३१ सेंटवर खातं उघडलं. तेही उघडून दिलं.

आता यात कारागिरी काय होती? ठेवीदार शोधायला जावंच लागलं नाही. शाखांच्या सभा दर ठरलेल्या दिवशी होतच होत्या, वर्गणी गोळा होतच होती. आधी तो पैसा शाखेच्या पेटीतून दुसऱ्याच्या बँकेत जाई, आता आपल्या बँकेत येऊ लागला. संस्था हीच बँकेची सगळ्यात मोठी खातेदार आणि भागधारक. त्यामुळे खात्यात रोज थोडी भर पडण्यासाठी कुणालाही नवी सवय लावायची नव्हती. जुन्या सवयीची वाट तेवढी वळवली.

मुलांच्या शाखेचं तेच. मुलांना पैसे साठवायला छोटे डबे दिले; डॉलरभर जमला की खातं उघडायचं. पेपर टाकणारी, गवत कापणारी, शनिवारी दुकानात हरकाम्या असणारी पोरं खातेदार झाली. एका पायाच्या बूटपॉलिशवाल्याची गोष्ट वॉकरबाई रंगवून सांगत. तो रस्त्यावर बसून बूट चमकवत असे. त्याला त्यांनी आठवड्याला थोडं ठेवायला लावलं, पन्नासेक डॉलर जमल्यावर खुर्च्या मांडून छोटी जागा भाड्याने घ्यायला लावली, आणि काही वर्षांत तो स्वतःच्या घराचा मालक झाला.

घर हाच या बँकेचा खरा धंदा होता. गोरी बँक काळ्या धोबिणीला घरासाठी कर्ज देत नव्हती. सेंट ल्यूक बँक देत होती, आणि ती बाई फेडेल की नाही हे सांगायला शाखेतल्या बायका होत्या. कागदावर तारण घर होतं, पण खरी ओळख शेजारणींची होती. १९२० पर्यंत या बँकेच्या कर्जातून सहाशेहून अधिक घरं काळ्या कुटुंबांची झाली.

ट्राम सोडून पायी

१९०४ च्या वसंतात रिचमंडच्या ट्राम कंपनीने काळ्या प्रवाशांनी मागे बसायचा नियम लावला. कायद्याने तेव्हा तशी मुभा होती, सक्ती नव्हती. 'रिचमंड प्लॅनेट'चे संपादक जॉन मिचेल आणि वॉकरबाई यांनी बहिष्कार पुकारला. लोक महिनोन्महिने पायी चालले. त्या उन्हाळ्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. ती आधीच अडचणीत होती, बहिष्काराने धक्का दिला. नियम मात्र राहिला, आणि १९०६ मध्ये राज्याने तो सक्तीचाच केला.

ही घटना इथे एवढ्यासाठी, की हा बहिष्कार म्हणजे पैसे न खर्चण्याचं आंदोलन होतं. चालत गेलं की पाच सेंट वाचत. न खर्चणं जमत होतं. पुढच्या वर्षी वॉकरबाईंनी जे मागितलं ते उलट होतं: ठरावीक ठिकाणीच खर्च करा.

ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान

१९०५ मध्ये 'सेंट ल्यूक एम्पोरियम' उघडलं. जागा ब्रॉड स्ट्रीटवर, म्हणजे रिचमंडच्या मुख्य बाजारात. तीन मजले, कपडे, हॅट, घरगुती सामान. संचालक मंडळात संस्थेतल्याच बायका. काउंटरवर काळ्या मुली विक्रेत्या म्हणून उभ्या राहिल्या, आणि हाच वॉकरबाईंचा मुख्य हेतू होता. शिकलेल्या काळ्या मुलीला शिक्षिका होणं सोडून दुसरा पांढरपेशा मार्गच नव्हता. मास्तरकीच्या जागा किती असणार? बाकीच्यांनी पुन्हा धुण्याकडे आणि कारखान्याकडे वळायचं. विक्रेती, हिशेबनीस, टंकलेखिका अशा जागा कुणी देत नसेल तर आपणच निर्माण करायच्या.

शिवाय गोऱ्या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाला जी वागणूक मिळे ती वेगळीच. हॅट डोक्यावर घालून बघता येत नसे, कपडा अंगाला लावून बघता येत नसे, आधी आलेलं असूनही मागे थांबावं लागे. एम्पोरियममध्ये धोबिणीला गिऱ्हाईक म्हणून मान मिळणार होता.

विरोध जागा घेतल्यापासूनच सुरू झाला. इमारत काळ्या बायकांनी घेतली हे कळताच ती परत विकावी म्हणून जादा रकमा देऊ केल्या गेल्या. वॉकरबाईंनी नाकारल्या. मग गोऱ्या दुकानदारांनी संघटना केली आणि घाऊक व्यापाऱ्यांना, थेट न्यूयॉर्कपर्यंत, कळवलं: या दुकानाला माल दिलात तर आमची गिऱ्हाइकी विसरा.

१ मार्च १९०६ ला वॉकरबाईंनी एक सभा घेतली, ती फक्त पुरुषांसाठी. बायकांना आत मज्जाव. बायबलातली बनायाची गोष्ट त्यांनी मांडली: बर्फ पडत असलेल्या दिवशी खड्ड्यात उतरून सिंहाला मारणारा बनाया. आपल्या वाटेवरचा सिंह म्हणजे वर्णद्वेष, आणि त्याला आपणच पोसतो आहोत, असं त्यांचं म्हणणं. गोऱ्यांच्या दुकानात ठेवलेला प्रत्येक डॉलर म्हणजे त्याला घातलेला घास. सिंह मारायचा तर त्याचं खाणं तोडा. आणि घरातल्या बायकांनी आपल्या हिमतीवर दुकान उभं केलं असताना पुरुष तिकडे फिरकत का नाहीत, असा जाब त्यांनी समोर बसलेल्यांना विचारला.

भाषण जबरदस्त आहे. पण मी ते वाचताना एका गोष्टीवर अडतो. दुकान उघडून वर्षही झालं नव्हतं आणि गिऱ्हाईक यावं म्हणून अध्यक्षांना धर्मग्रंथ काढावा लागत होता. बँकेसाठी त्यांनी बायबल वापरलं ते लोकांना एकदा तयार करायला. दुकानासाठी ते दर आठवड्याला वापरावं लागलं असतं.

खरा फरक इथे आहे. बँकेचा कच्चा माल म्हणजे सभासदांचाच पैसा. तो बाहेरून आणायचा नव्हता, कुणा घाऊक व्यापाऱ्याने अडवायचा नव्हता. गोऱ्या बँका नाराज झाल्या तरी धोबिणीच्या पदराची गाठ त्यांच्या हातात नव्हती. दुकानाचा कच्चा माल मात्र दुसऱ्यांच्या गोदामात होता. पुरवठा तुटला की शेल्फ रिकामं, किंवा माल फिरून फिरून चढ्या भावाने यायचा. आणि समोरच्याच फुटपाथवर मोठी दुकानं, जास्त माल, कमी भाव. महिना चार-सहा डॉलर मिळवणाऱ्या बाईला मुलाचे बूट घ्यायचे तर ती भाव बघणारच. तिने अभिमानासाठी किती सेंट जादा द्यावेत, हे सांगण्याचा हक्क नक्की कुणाला आहे? वॉकरबाईंच्या भाषणात हा प्रश्न येत नाही. मला तो टाळलेला वाटतो.

दुसरं असं, की बँकेत निर्णय एकदाच घ्यायचा होता. वर्गणी सभेत द्यायची, नाव वहीत चढायचं, पुढे सवय सांभाळून घेई. दुकानात प्रत्येक खरेदी हा नवा निर्णय. शिवाय सभेत न आलेल्या बाईची विचारपूस होई. शेजारच्या दुकानात गेलेल्या बाईला कुणी बघतही नसे. ज्या नात्यांवर बँक चालली ती दुकानाच्या दाराशी येऊन थांबली.

मग वॉकरबाईंचं चुकलं का? मला तसं म्हणवत नाही. नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता आणि तो बँकेने सुटणारा नव्हता. बँकेत कितीशा मुली बसणार? मुख्य रस्त्याऐवजी जॅक्सन वॉर्डात, म्हणजे काळ्यांच्याच वस्तीत, छोटं दुकान काढलं असतं तर कदाचित टिकलं असतं. तिथे न्हावी, शिंपी, डॉक्टर, अंत्यविधीवाले यांचे धंदे चांगले चालत होते. पण त्यांना ब्रॉड स्ट्रीटच हवा होता. पदवी समारंभ थिएटरातच हवा म्हणणारी पोरगी मोठी झाली तरी बदलली नव्हती.

तपासनीस आले

१९१० मध्ये रिचमंडमधलीच 'ट्रू रिफॉर्मर्स' या संस्थेची बँक कोसळली. काळ्यांनी काढलेल्या बँकांत ती मोठी आणि मानाची. कारणं बरीच, पण एक ठळक: संस्थेचा पैसा आणि बँकेचा पैसा एकमेकांत मिसळला होता आणि संस्थेच्या इतर उद्योगांत अडकला होता. राज्य सरकारने तपासणीचा फास आवळला आणि अशा संस्थांनी आपल्या बँका वेगळ्या कराव्यात असा दंडक आला.

सेंट ल्यूकपुढेही तोच धोका होता. बँक आपली, दुकान आपलं, दुकान तोट्यात. बँकेतून थोडं उचललं तर कोण विचारणार? कित्येक पतपेढ्या अशाच 'आपलंच आहे' म्हणून गेल्या, अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेरही. वॉकरबाईंनी बँक कागदोपत्री संस्थेपासून वेगळी केली. ती 'सेंट ल्यूक बँक अँड ट्रस्ट कंपनी' झाली. आणि दुकान त्याच सुमारास बंद केलं. भावनेने पाहिलं तर हा पराभव. पण तोट्यातली गोष्ट बँकेच्या गळ्यात न बांधता मिटवली म्हणून ३१ सेंटवाल्याचे ३१ सेंट शाबूत राहिले. दुकान बंद करण्याचा निर्णय हाच मला या प्रकरणातला सगळ्यात बँकरला शोभणारा निर्णय वाटतो.

घरातली गोळी

१९१५ च्या जून महिन्यात जे झालं ते कुठल्याही घराला मोडून टाकणारं होतं. वस्तीत चोर फिरत असल्याची हूल होती. थोरला मुलगा रसेल याने रात्री पोर्चवर कुणीतरी दिसलं म्हणून गोळी झाडली. तो त्याचा बाप होता. आर्मस्टेड वॉकर गेले. रसेलवर खुनाचा खटला भरला. आई एकीकडे नवऱ्याचं दुःख आणि दुसरीकडे मुलाच्या बाजूने कोर्टात. तो निर्दोष सुटला, पण सावरला नाही. १९२३ मध्ये तोही गेला.

संस्थेतल्या काहींनी हीच वेळ साधून वॉकरबाईंनी पद सोडावं अशी चाल केली. बदनामी झाली, आता दुसरं कुणी यावं, वगैरे. त्या सभेला सामोऱ्या गेल्या, आपल्या कामाचा हिशेब मांडला आणि पदावर राहिल्या. ठेवीदारांनी रांगा लावून पैसे काढले नाहीत, ही या काळातली बोलकी गोष्ट. बँक एका बाईच्या नावावर ओळखली जात होती, तरी भरवसा तिच्या घरच्या सुखदुःखाशी बांधलेला नव्हता.

ईस्ट ले स्ट्रीटवरचं त्यांचं घर याच काळात वाढत गेलं. म्हातारी आई, दोन मुलगे, सुना, नातवंडं, सांभाळलेली लेक, सगळे एका छताखाली. खोल्यांवर खोल्या जोडत घर पंचवीसहून जास्त खोल्यांचं झालं. धुणी धुणारी एलिझाबेथ १९२२ पर्यंत त्या घरात राहिली. १९०७ मध्ये पडून दुखावलेला गुडघा आणि मधुमेह यांनी वॉकरबाईंना अखेर चाकाच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी घरात लिफ्ट बसवून घेतली, गाडीत खुर्ची मावेल असा बदल करून घेतला, आणि कामावर जात राहिल्या.

नाव सोडलं

१९२० चं दशक संपत आलं तेव्हा संस्थेचे सभासद पन्नास हजारांच्या पुढे होते आणि शाखा दीड हजार. पण काळ्यांच्या बँकांचे दिवस फिरले होते. जॉन मिचेल यांची मेकॅनिक्स बँक १९२२ मध्ये बुडाली होती. रिचमंडमध्ये उरलेल्या बँका एकमेकींच्या ठेवींवर नजर ठेवून होत्या, आणि १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला.

वॉकरबाईंनी प्रतिस्पर्धी 'सेकंड स्ट्रीट सेव्हिंग्ज बँके'शी विलीनीकरण जुळवलं. १९३० च्या सुरुवातीला 'कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट कंपनी' सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिसरी बँकही तीत आली. वॉकरबाई संचालक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या; रोजचा कारभार दुसऱ्यांकडे गेला. सव्वीस वर्षं जे नाव फळ्यावर होतं, ते सेंट ल्यूकचं नाव नव्या बँकेत राहिलं नाही. ब्रॉड स्ट्रीटसाठी एक पाऊल मागे न घेणाऱ्या बाईने ते नाव देऊन टाकलं.

१५ डिसेंबर १९३४ ला त्या गेल्या, मंदीच्या ऐन मध्यात. अमेरिकेत तोवर हजारो बँकांना टाळं लागलं होतं. कन्सॉलिडेटेड उघडी होती. २००५ मध्ये ती बाहेरच्या कंपनीने विकत घेईपर्यंत तिची मालकी रिचमंडच्या कृष्णवर्णीयांकडेच राहिली.